कांचनाबुरी (थायलंड): आईसोबत तीन मुक्काम, सल्ला हवा आहे

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई (वय ७०), मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा असे तिघं थायलंडला जातोय. बँकॉकचं सगळं ठरलंय. पट्टाया-फुकेत आम्हाला नको आहे.

आईचे वडील रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळांची कामं करणारे. तिचं लहानपण मिरजेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं, मीटरगेजच्या (एक मीटर रुंदीच्या) रुळांना लागून. क्वाय नदीवरचा पूल आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजुरांकडून बांधून घेतलेली, ब्रह्मदेशाकडे जाणारी ती ‘मृत्यूची रेल्वे’ यांबद्दल तिने कधीकाळी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते कात्रण अजून तिच्या पोथ्यांच्या पेटीत आहे. मी कुठे जायचं म्हणून विचारलं तर म्हणाली, बाकी कुठेही ने, पण तो पूल बघायचाय.

टूरवाला म्हणतो कांचनाबुरीला मुक्काम कशाला, बँकॉकहून सकाळी गाडीने जा, पूल बघा, तरंगत्या बाजारात जेवा, रात्री परत या. मला मात्र तिथे तीन रात्री राहावंसं वाटतंय. जास्त होतील का? आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, गुडघे थोडे कुरकुरतात पण चालते. रेल्वेने जाणं जमेल का, राहायचं कुठे, खायचं काय, आणि मुलाला कंटाळा येणार नाही असं काय आहे, हे जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

बँकॉकवासी

अनुस्वार, टूरवाल्याचं अजिबात ऐकू नका. मी नऊ वर्षं बँकॉकमध्ये आहे, भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन पाच-सहा वेळा तरी कांचनाबुरीला गेलोय. एका दिवसात जाऊन येणारे लोक पुलावर फोटो काढतात आणि चार तास महामार्गावर घालवतात. तुमच्या आईंना जे बघायचंय ते रेल्वेच्या डब्यातूनच बघायला हवं.

गाडी बँकॉकच्या मोठ्या स्टेशनावरून सुटत नाही. ती नदीच्या पश्चिम काठावरच्या थोनबुरी स्टेशनावरून सुटते, सिरिराज रुग्णालयाच्या जवळ. टॅक्सीवाल्याला नीट सांगा, नाहीतर तो सवयीने दुसरीकडे नेतो. ‘सथानी रोट फाय थोनबुरी’ म्हणायचं. सथानी म्हणजे आपलं स्थानक, रोट म्हणजे रथ, फाय म्हणजे आग. थोडक्यात आपली आगगाडीच. आईंना हे सांगा, त्यांना आवडेल.

दिवसातून दोन गाड्या आहेत, एक सकाळी पावणेआठच्या सुमारास आणि दुसरी दुपारी दोनच्या आसपास. सकाळचीच घ्या. परदेशी माणसाला तिकीट १०० बाट, कुठेही उतरा. आगाऊ आरक्षण नाही, अर्धा तास आधी पोचून खिडकीवर काढायचं. डबा तिसऱ्या वर्गाचा, एसी नाही, वर पंखे, खिडक्या उघड्या. डिसेंबरात सकाळी वारा बोचतो, आईंसाठी शाल वरच ठेवा. अंतर १३० किलोमीटरच्या आसपास आहे, पण पोचायला पावणेतीन तास लागतात आणि उशीर ठरलेला.

एक महत्त्वाचं. पहिल्या दिवशी कांचनाबुरीला उतरून सामान टाका, आराम करा. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला तीच बँकॉकहून येणारी गाडी पकडून शेवटच्या नाम टोक स्टेशनापर्यंत जा. जाताना डाव्या बाजूला बसा. पूल ओलांडल्यावर तासाभराने थाम क्रासे येतं. तिथे एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला खाली ख्वे नोय नदी, आणि मधे लाकडी खांबांच्या पुलावरून गाडी माणसाच्या चालीने जाते. खांब कुरकुरतात ते ऐकू येतं. दर वेळी माझ्या डब्यातली पोरं आपोआप गप्प झाली होती.

स्टेशनावर ३०० बाटांचा ‘खास पर्यटक डबा’ विकायला येतात, खाऊ आणि प्रमाणपत्र देतात. गाडी तीच, खिडकीतून दिसणारी नदी तीच. गर्दीच्या दिवशी आईंना हमखास बसायला जागा हवी असेल तरच घ्या.

आणि तारखा बघा. ५ आणि १० डिसेंबर या दोन्ही थायलंडच्या सरकारी सुट्ट्या आहेत. त्यांना जोडून शनिवार-रविवार आला तर बँकॉक तिथे लोटतं. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पुलाजवळ जत्रा असते, प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम होतो. खोली आत्ताच राखून ठेवा.

सह्याद्रीवेडा

तीन रात्री जरा जास्त वाटतात. आम्ही एक रात्र राहिलो, पूल, एक संग्रहालय, दुसऱ्या दिवशी धबधबा, संपलं. आणि मोकळेपणाने सांगतो, बारा वर्षांच्या मुलाला सुट्टीत युद्धाची स्मशानं आणि हाल झालेल्या माणसांचे फोटो दाखवत फिरणं मला पटत नाही. त्यापेक्षा एक दिवस बँकॉकला वाढवा.

रुळावरून

सह्याद्रीवेडा, तुमचं म्हणणं समजतंय, पण मला तिथे गेल्यावर नेमकं उलट वाटलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी नाव. नदीचं नाव ‘क्वाय’ नाही, ‘ख्वे’ आहे. ख्वे म्हणजे उपनदी. ख्वे याय म्हणजे मोठी, ख्वे नोय म्हणजे धाकटी, आणि कांचनाबुरीत दोघींचा संगम होऊन मे क्लोंग होते. आपण ‘क्वाय’ म्हणतो तेव्हा थाई कानाला ते म्हशीसारखं ऐकू येतं. गंमत म्हणजे पूल ज्या पात्रावर आहे त्याला युद्धाच्या काळात मे क्लोंगच म्हणत. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा चित्रपट जगभर गाजला, लोक ‘क्वायवरचा पूल’ शोधत यायला लागले, तेव्हा १९६० मध्ये त्या भागाचं नावच ख्वे याय केलं.

आता पूल. तुमच्या आईंना सांगा की कमानीसारख्या गोलाईचे जे लोखंडी गाळे दिसतात ते मूळचे, जपान्यांनी जावामधून उचलून आणलेले. मधले दोन सरळ, कोनाचे गाळे युद्धानंतर बसवले, कारण दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकून मूळचे पाडले होते. हा फरक कळला की पूल नुसता फोटोतला पूल राहत नाही. त्यावरून चालत जाता येतं, फुकट. अधूनमधून बाजूला उभं राहायला कठड्याचे छोटे ओटे आहेत. गाडी आली की तिथे सरकायचं, ती अगदी हळू जाते. मधल्या पत्र्यावरून चालायचं, पण कडेला फटी आहेत, गुडघेदुखीच्या माणसाचा हात धरा.

आणि हो, मार्ग अजूनही मीटरगेज आहे. तुमच्या आईंना रूळ ओळखीचे वाटतील.

तो मार्ग ४१५ किलोमीटरचा होता, थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायातपर्यंत. १९४२ च्या मध्याला काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्हीकडचे रूळ जुळले. डोंगर, जंगल, तो भयंकर पावसाळा, आणि हातात फावडं, पहार, टोपली. ६०,००० हून जास्त युद्धकैदी त्यावर राबले आणि १२,००० हून अधिक मेले. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच, थोडे अमेरिकन. त्यांची कबर, नाव, वय, पलटण सगळं नोंदलेलं आहे. कांचनाबुरी स्टेशनापासून पाच मिनिटांवर युद्ध स्मशानभूमी आहे, ६,९८२ कबरी, प्रत्येकीपुढे फुलझाड, गवत गालिच्यासारखं राखलेलं. वयं वाचत गेलं की २२, २४, २३, २६ असं येत जातं.

पण त्या रेल्वेवर सगळ्यात जास्त मेले ते आशियाई मजूर. ब्रह्मी, जावामधले, मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, चिनी, मलय. दोन लाखांच्या आसपास आणले होते, आणि ९०,००० च्या घरात मेले असा अंदाज सांगतात. अंदाजच, कारण त्यांची हजेरीवही कुणी जपली नाही. पटकी आली की वस्तीच्या वस्ती जायची. त्या गालिच्यासारख्या स्मशानात त्यांच्यातला एकही नाही.

म्हणून माझी विनंती. स्मशानभूमीच्या प्रवेशाच्या इमारतीत एक फलक आहे, तो बहुतेक जण न वाचता पुढे जातात. त्यावर अविभाजित भारताच्या सैन्यातल्या ११ जणांची नावं आहेत. ते थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत पुरले गेले, त्या कबरींची निगा राखणं शक्य नव्हतं म्हणून नावं इथे कोरली. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वाट थावोर्न वराराम नावाचा व्हिएतनामी पद्धतीचा विहार आहे, त्याच्या आवारात बेनाव मजुरांच्या अस्थींवर स्तूप आहे. ना तिकीट, ना दुकान. तुमच्या आईंचे वडील गँगमन होते म्हणालात. त्या स्तूपाखाली आहेत ती तेच काम करणारी माणसं.

बारा वर्षांचा मुलगा हे समजू शकतो. माझी मुलगी अकरा वर्षांची होती, तिने एवढंच विचारलं, ‘यांच्या घरी कुणी कळवलं का?’

सह्याद्रीवेडा

रुळावरून, हा स्तूप आम्हाला कुणी सांगितलाच नाही. समोरून गेलो असू. माझं एक रात्रीचं मत मागे घेतो.

गवती_चहा

खाण्याचं मी सांगते, कारण मी स्वतः अंडंही खात नाही आणि पहिल्या सहलीत दोन दिवस फळांवर काढलेत.

थाई लोकांना ‘व्हेज’ म्हटलं तर ते मांसाचे तुकडे बाजूला काढतात आणि माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, तसंच घालतात. तुम्हाला दोन शब्द लागतील. पहिला ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असतं, इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. हातगाडीवर, दुकानाच्या पाटीवर, पुड्यांवर तेच शोधायचं. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही आणि कांदा-लसूणही नाही. अगदी आपला चातुर्मास. सेवन इलेव्हनच्या दुकानात पुड्या उलटून हे अक्षर बघायची मुलाला सवय लावा, त्याला खेळ होईल.

दुसरा शब्द ‘मंगसविरत’. नीट ऐका, तो आपला ‘मांसविरती’ आहे. पण त्यात अंडं चालतं, म्हणून आईंसाठी ‘जे’ च धरा.

वाक्यं कागदावर थाई लिपीत लिहून घ्या, हॉटेलातल्या माणसाकडून. बोलायला म्हणून: ‘माय साय नाम प्ला’ (माशाचं पाणी नको), ‘माय साय कुंग हेंग’ (सुकी कोळंबी नको, हे पपईच्या सलाडसाठी), ‘माय साय खाय’ (अंडं नको). शेवटच्याची गंमत अशी की जरा उच्चार बदलला की ‘खाय’चं ‘काय’ होतं आणि त्याचा अर्थ कोंबडी. म्हणून कागदच बरा. लाल-हिरव्या रश्श्याच्या वाटणात बहुतेक ठिकाणी कोळंबीची पेस्ट असते, रस्सा सांगू नका. भाज्या-टोफू समोर परतून घ्या, सोया सॉस घालून.

नाश्त्याला ‘पा थोंग को’ मिळतात, पिठाचे तळलेले जोड, सोबत गरम सोयाचं दूध. आणि संध्याकाळच्या बाजारात ‘खानोम क्रोक’ शोधा. थेट आप्पेपात्र! तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, कडेला कुरकुरीत, मधे मऊ, वर कधी मका तर कधी कांद्याची पात. बाई चमच्याने दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर उलटून ठेवते. आमच्या सासूबाई त्या गाडीपुढे वीस मिनिटं उभ्या होत्या, त्या बाईला खुणेने विचारत होत्या की पात्र बिडाचं का. बाईने पात्र उचलून दाखवलं.

घरून मेतकूट, दाण्याची चटणी आणि थोडे थेपले न्या. भात सगळीकडे मिळतो, ‘खाव प्लाव’ म्हणजे साधा भात. मेतकूट-भाताने आमचे तीन दिवस सोपे गेले.

बँकॉकवासी

+१ गवती_चहा. एक भर: स्टेशनाजवळचा संध्याकाळचा बाजार चांगला आहे. तिथे असताना सहा वाजता राष्ट्रगीत लागलं की सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा. सकाळी आठलाही तसंच. आणि राजघराण्याबद्दल चार लोकांत काहीही बोलायचं नाही, तिथे कायदा कडक आहे.

राहण्याबद्दल. बहुतेक पाहुणे माये नाम ख्वे रस्त्यावर राहतात, नदीला लागून. तराफ्यावरच्या खोल्या फोटोत फार सुंदर दिसतात, पण आईंसाठी नको. फळ्या हलतात, पायऱ्या उंच, आणि शनिवारी-रविवारी रात्री नदीतून गाण्यांचे तराफे जातात, त्यांच्या भोंग्यांनी खिडक्या थरथरतात. काठावरची, तळमजल्याची, मागच्या बाजूची खोली मागा.

पैसे बँकॉकमध्येच बदलून न्या. परदेशी कार्डाने एटीएममधून काढले तर दर वेळी दोनशेच्या वर बाट शुल्क कापतात, रक्कम कितीही असो. हातगाडीवर आणि गावातल्या पिवळ्या सोंगथेवमध्ये (ट्रकच्या मागे दोन बाकं टाकलेली गाडी, आपल्या वडापसारखी) रोखच लागते. सुटे ठेवा.

व्हिसाचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत सारखे बदललेत, म्हणून निघण्याआधी दूतावासाच्या साइटवरच बघा. डिजिटल आगमनपत्र मात्र १ मे २०२५ पासून सगळ्यांना सक्तीचं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

अनुस्वार

सगळ्यांचे किती आभार मानू. आईला रात्री सगळा धागा वाचून दाखवला. ‘रथ-आग’ ऐकून ती खूश झाली. स्तूपाचं ऐकल्यावर काही बोलली नाही, चष्मा काढून पुसत बसली. मग म्हणाली, तिथे आधी जाऊ.

एरावानचा धबधबा आणि ते हेलफायर पास, दोन्ही एका दिवसात होईल का? आणि स्कूटर भाड्याने घेऊ का? मी इथे रोज चालवते.

डोंगरदऱ्या

दोन्ही एका दिवसात नको, दिशा वेगळ्या आहेत आणि दोन्हीकडे चालायचं आहे.

एरावान: शहराच्या बस स्थानकावरून सकाळी आठला पहिली बस, साधारण दीड तास, भाडं पन्नास-साठ बाट. परतीची शेवटची बस चारच्या सुमाराला, ती चुकली तर टॅक्सीवाला म्हणेल तो भाव. उद्यानाचं तिकीट परदेशी प्रौढाला ३०० बाट, थाई माणसाला बरंच कमी, त्यावरून वाद घालू नका. धबधबा सात टप्प्यांचा. पाणी निळसर हिरवं असतं, कारण डोंगर चुनखडीचा आहे. दुसऱ्या टप्प्याच्या पुढे खाणं नेता येत नाही, पाण्याच्या बाटलीवर २० बाट अनामत घेतात आणि बाटली परत दाखवली की देतात. फार चांगली पद्धत आहे, आपल्या लोहगड-राजमाचीला व्हायला हवी. आईंना दुसऱ्या टप्प्यापर्यंत सहज जमेल. मुलाला पाण्यात पाय सोडून बसू द्या, मासे येऊन बोटं चावतात, पाच मिनिटं ओरडेल आणि मग उठणार नाही. तिसऱ्या टप्प्याच्या पुढे मुळं आणि निसरडे दगड आहेत, चांगल्या पट्ट्याच्या सँडल हव्यात. वरचे टप्पे दुपारी लवकर बंद करतात, म्हणून आधी वर जा, मग खाली डुंबा.

हेलफायर पास शहरापासून ८० किलोमीटर, सांगखलाबुरीच्या रस्त्यावर, महामार्ग ३२३. कैद्यांनी हातोडा आणि छिणीने फोडलेली खडकातली खिंड. रात्रपाळीत मशालींच्या उजेडात ती नरकासारखी दिसायची म्हणून हे नाव. संग्रहालय ऑस्ट्रेलियन सरकार चालवतं, प्रवेश फुकट, कानाला लावायचं यंत्रही देतात, त्यात जिवंत वाचलेल्या कैद्यांचे आवाज आहेत. खाली खिंडीत जायला खूप पायऱ्या आहेत. आई वरून बघतील, तुम्ही आणि मुलगा खाली जा. खिंडीच्या भिंतीत तुटलेली छिणी अजून रुतलेली आहे. डॉक्टर वेअरी डनलॉप, ज्यांनी त्या छावण्यांत शेकडो जीव वाचवले, त्यांच्या अस्थींचा काही भाग १९९४ मध्ये इथेच विखुरला. यासाठी दिवसभराची गाडी चालकासह घ्या, भाव पेट्रोलसकट आहे का ते आधी विचारा. येताना नाम टोकहून दुपारी एकच्या सुमाराची परतीची आगगाडी मिळते. म्हणजे जाताना गाडी, येताना रेल्वे असंही जमेल. तेव्हा उजवीकडे बसा.

स्कूटर: तुम्ही रोज चालवत असलात तरी आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. आपल्या आरटीओतून मिळतो, १,००० रुपये शुल्क, वर्षभर चालतो. तो नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करतो. माझा अनुभव: एका दुकानातून घेतली, परत देताना मालकाने आधीचाच ओरखडा दाखवून ३,००० बाट मागितले. पासपोर्ट त्याच्याकडे होता, द्यावे लागले. तेव्हापासून मी पासपोर्ट कधीच गहाण ठेवत नाही, रोख अनामत देतो, आणि घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढतो. तुम्ही तिघं आहात, स्कूटर नकोच. शहरात सायकल किंवा सोंगथेव.

पाणवठा

मुलाला वाघ आवडत असतील तर तिथे वाघांचं एक मंदिर आहे ना? जुन्या प्रवासवर्णनात वाचलंय, बछड्यांना हात लावता येतो.

बँकॉकवासी

ते २०१६ मध्येच बंद झालं. वन खात्याने १३७ वाघ तिथून हलवले, आणि फ्रीजरमध्ये बछड्यांची कलेवरं सापडली. त्याच नावाशी मिळतंजुळतं वाट थाम सुआ, म्हणजे व्याघ्रगुहेचा विहार, हे वेगळं ठिकाण आहे, टेकडीवर मोठी बुद्धमूर्ती आणि भोवती भातखाचरं. ते बघा. हत्तीवर बसायलाही कुठे पैसे देऊ नका, त्यांना अंघोळ घालताना लांबून बघता येईल अशी ठिकाणं आहेत.

रुळावरून

संग्रहालयांबद्दल राहिलं. वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर स्मशानभूमीला लागून असलेलं थायलंड-ब्रह्मदेश रेल्वे केंद्र घ्या. २००३ पासून आहे, नकाशे आणि प्रतिकृती उत्तम, आशियाई मजुरांबद्दलही लिहिलंय. वरच्या खिडकीतून कबरी दिसतात. पुलाजवळचं संग्रहालय वेगळं आहे, त्यात वस्तूंचा ढीग आहे, मी पुन्हा जाणार नाही.

अनुस्वार

मंडळी, परवा परत आलो. तीन रात्री राहिलो आणि चौथीही चालली असती.

गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. आई थोनबुरीच्या फलाटावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, शेजारच्या थाई आजींनी तिला उकडलेल्या शेंगा दिल्या. दोघी भाषेशिवाय तासभर बोलल्या. डाव्या खिडकीचा सल्ला सोन्यासारखा. शाल लागली.

डब्यात चढायची पायरी बरीच उंच आहे, आईला खालून टेकू द्यावा लागला. ज्यांचे गुडघे जास्त दुखतात त्यांनी हे लक्षात ठेवा. शौचालय आहे, कागद आणि पाणी आपलं न्या.

थाम क्रासेला आम्ही उतरलो. तिथे गुहेत बुद्धमूर्ती आहे आणि गाडी गेल्यावर लोक रुळांवरून चालत जाऊन बघतात. आई रुळाशेजारी उकिडवी बसली आणि हाताने विती मोजल्या. ‘पाच,’ म्हणाली. ‘मिरज-लोंढ्याला पण पाचच भरायच्या, बाबांनी शिकवलेलं.’ मग तिने एका स्लीपरवर हात ठेवला आणि बराच वेळ उठली नाही. मुलगा शेजारी बसून राहिला, मोबाइल खिशातच होता.

स्मशानभूमीत ११ नावांचा फलक सापडला. आईने एकेका नावावरून बोट फिरवत वाचायला लावलं. तिथून स्तूपाकडे चालत गेलो. आवारात आमच्याशिवाय एक झाडणारी बाई होती. सकाळी बाजारातून मोगऱ्याचे हार घेतले होते, थाई लोक त्यांना ‘मालाय’ म्हणतात, आईला अर्थ सांगावा लागला नाही. तिने हार ठेवला, मग पर्समधून घरून आणलेली हळदकुंकवाची पुडी काढली, थोडा विचार केला आणि पुन्हा आत ठेवली. ‘कुणाचं काय चालतं माहीत नाही,’ म्हणाली. नुसते हात जोडले. झाडणारी बाई झाडू खाली ठेवून आमच्याबरोबर उभी राहिली.

एरावानला दोन टप्पे आईने केले. मुलाला माशांनी जिंकलं. मेतकूट संपलं, खानोम क्रोक चार वेळा खाल्ले. हेलफायर पास राहिलं, त्या दिवशी आईला नदीकाठी बसून राहायचं होतं.

पाणवठा

फार छान लिहिलंय. आम्ही जानेवारीत जातोय. ते हार नक्की कुठे मिळाले?

अनुस्वार

स्टेशनाजवळच्या रस्त्यावर, सकाळी सात-साडेसातला टोपली घेऊन बसतात. आम्हाला वीस बाटला एक मिळाला. ओल्या रुमालात गुंडाळून ठेवा, दुपारपर्यंत कोमेजत नाहीत.